दुसऱ्याच्या टँकमधून आलेला कॅटफिश : आधी ओळख, मग पाहुणचार

माझ्याकडे आलेल्या पहिल्या सेकंडहँड कॅटफिशबरोबर एक वाक्यही आलं होतं : "सकर आहे, काच साफ करतो, वेगळं खायला घालावं लागत नाही." मी तेवढ्यावर विसंबलो. तीन आठवडे काच हिरवीच राहिली आणि मासा लाकडाच्या मागून बाहेर आलाच नाही. शेवटी एका रात्री टॉर्च घेऊन टँकसमोर बसलो. मासा बाहेर आला तेव्हा त्याचं पोट आत गेलेलं होतं. खालच्या जबड्यावरच्या मिशा साध्या नव्हत्या, पिसासारख्या फुटलेल्या होत्या. तोंड काचेला चिकटेल असं नव्हतंच. तो सिनोडॉन्टिस होता, आफ्रिकेतल्या कॅटफिशांचा एक वंश. शेवाळाशी त्याचा फारसा संबंध नाही, त्याला अळ्या, गोगलगायी आणि तळाशी बसणारं खाद्य लागतं. तो बिचारा इतर माशांचं उरलंसुरलं वेचून दिवस काढत होता.

तेव्हापासून माझा एक नियम आहे : दुसऱ्याकडून कॅटफिश घेताना त्याच्याबरोबर येणारं नाव खरं मानायचं नाही. देणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्यालाही कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. पण खाद्य, टँकचा आकार, सोबती, औषधाचं प्रमाण हे सगळं त्या नावावर ठरतं, आणि नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

१. पहिल्या फेरीत मासा आणू नका

शक्य असेल तर आधी नुसते बघायला जा. रिकाम्या हाताने गेलात की मोह आवरतो. जाताना फोन, टॉर्च आणि छोटी मोजपट्टी घ्या. तिथे हे प्रश्न विचारा :

- मासा किती वर्षं तुमच्याकडे आहे? आणला तेव्हा केवढा होता?
- रोज काय खातो? दिवे चालू असताना खातो की बंद झाल्यावर?
- टँकमधलं पाणी किती दिवसांनी, किती बदलता? शेवटचं कधी बदललं?
- त्याच्याबरोबर कोणते मासे आहेत? आधी होते आणि नंतर "नाहीसे झाले" असे कोणी?
- गेल्या दोनतीन महिन्यांत कुठलं औषध टाकलंय का?

यातला चौथा प्रश्न हसत हसत विचारा, पण उत्तर नीट ऐका. "पूर्वी निऑन टेट्रा होते, हळूहळू कमी झाले" या वाक्यात माशाची निम्मी ओळख दडलेली असते : ते छोटे मासे बहुधा यानेच खाल्ले.

मग फोटो काढा : पूर्ण बाजूने एक, वरून एक, समोरून मिशांसकट एक. मासा काचेला चिकटत असेल तर पोटाकडून तोंडाचा एक. पाठीवरचा पर उघडलेला असताना एक फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. मोजपट्टी काचेला टेकवून लांबीचा अंदाज घ्या, आणि काचेवर टकटक करू नका. कॅटफिशचा हवेचा फुगा लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेला असतो, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. तुमची टकटक त्यांना ढोल वाटते.

२. ओळख पटवणे

कॅटफिशच्या ३००० हून जास्त जाती आहेत, पण घरगुती टँकमधून हातोहात फिरणारे प्रकार मोजके आहेत. खालच्या क्रमाने बघत गेलात तर बहुतेक वेळा योग्य घरात पोहोचता.

*मुळात कॅटफिश आहे का?* खऱ्या कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात. एकतर उघडी कातडी असते, नाहीतर हाडांच्या चकत्यांचं चिलखत. "गोल्डन सकर" म्हणून दिला जाणारा पिवळा मासा अंगभर खवल्यांचा असतो, त्याला मिशा नसतात आणि कल्ल्याच्या वरच्या बाजूला पाणी आत घ्यायला वेगळं छिद्र असतं. तो कॅटफिश नाही. मोठा झाला की इतर माशांच्या अंगाला चिकटण्याची खोड त्याला लागते. मिशा असूनही कॅटफिश नसलेले म्हणजे लोच. त्यांच्या डोळ्याखाली लपवता येणारा बारीक काटा असतो.

*तोंड कुठे आहे?* तोंड खालच्या बाजूला, बशीसारखं आणि काचेला चिकटणारं असेल तर मासा प्लेकोंच्या, म्हणजे चिलखती सकरांच्या कुळातला. तोंड खाली पण चिकटत नाही, मासा छोटा आणि बाजूला चकत्यांच्या दोन ओळी असतील तर कोरिडोरस. तोंड समोर, रुंद आणि मिशा लांब असतील तर सावध व्हा : हे शिकारी. अशा माशाच्या तोंडात जे मावतं ते रात्रीतून पोटात जातं.

*प्लेको असेल तर पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा.* मला विचाराल तर या लेखातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजायच्या. ९ किंवा त्याहून जास्त भरल्या तर तो टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे दुकानात बोटाएवढा मिळणारा आणि पुढे ४० ते ५० सेंटिमीटर होणारा "साधा सकर". ७-८ काड्या, चपटं डोकं आणि तोंडाच्या टोकावर मांसल धुमारे असतील तर ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. हा १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. धुमारे नरालाच ठसठशीत असतात. मादीला कडेला अगदी बारीक असतात किंवा नसतातच. त्यामुळे नुसत्या धुमाऱ्यांवर निकाल देऊ नका, काड्या मोजा.

मासा हलत असताना मोजणं अशक्य आहे. फोटोवर मोजा. मी एकदा टँकसमोर बसून तीनदा मोजल्या आणि तीन वेगवेगळे आकडे आले.

प्लेकोंच्या बाबतीत "एल १४४", "एल ०४६" असे क्रमांकही ऐकाल. शास्त्रीय नाव मिळण्याआधीच नवनवे प्लेको बाजारात येऊ लागले, म्हणून १९८८ मध्ये एका जर्मन नियतकालिकाने ही पद्धत सुरू केली. एल ०४६ म्हणजे ब्राझीलच्या शिंगू नदीतला पांढराकाळा झेब्रा प्लेको. कुणी क्रमांक सांगितला तर तो लिहून घ्या आणि फोटोशी ताडून बघा. क्रमांक सांगितला म्हणजे तो बरोबरच असतो असं नाही.

*मिशा मोजा आणि त्यांचा पोत बघा.* खालच्या जबड्यावरच्या मिशा पिसासारख्या फुटलेल्या असतील तर सिनोडॉन्टिस. यातला उलटा पोहणारा निग्रिव्हेंट्रिस सुमारे १० सेंटिमीटरचा. उंच झालरीसारखा पाठीचा पर असलेला युप्टेरस मात्र २० सेंटिमीटर सहज ओलांडतो. चंदेरी अंगावर काळे ठिपके आणि शेपटीपर्यंत पोहोचणाऱ्या मिशा असतील तर पिक्टस, ११-१२ सेंटिमीटरचा चपळ शिकारी. तोंडाशी मिशांच्या दोनच जोड्या, करडं चकाकतं अंग, दुभंगलेली शेपटी आणि सारखं मधल्या पाण्यात पोहणं असेल तर तो पंगास. "शार्क" या नावाने विकला जाणारा हा मासा पूर्ण वाढला की एक मीटरच्या पुढे जातो. काळी पाठ, कडेने पांढरा पट्टा आणि लालसर शेपूट असेल तर रेडटेल, तोही मीटरभराचा.

*कोरिडोरसबद्दल एक टीप.* २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या वंशाची फोड करून बऱ्याच जाती दुसऱ्या वंशांत हलवल्या. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर "कोरिडोरस एनियस" आणि नव्या यादीत "ऑस्टिओगॅस्टर" दिसलं तर गोंधळू नका, मासा तोच आहे.

३. घ्यायचा की नाही, हे आकड्यांवर ठरवा

"टँक लहान असला की मासा लहानच राहतो" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. मासा टँकच्या मापाने वाढत नाही. वाईट पाण्यात त्याची वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो आणि आयुष्य घटतं. आज आठ सेंटिमीटरचा दिसणारा टेरिगोप्लिक्थिस चांगलं खाणं मिळालं तर दोनतीन वर्षांत हातभर होतो. त्याला किमान सहा फुटी टँक लागतो आणि तो १० ते २० वर्षं जगू शकतो. पंगास आणि रेडटेल घरगुती टँकसाठी नाहीतच. देणारा कितीही गयावया करो, इथे नाही म्हणा.

ब्रिसलनोजला १०० लिटर पुरतात. कोरिडोरस एकटा देत असतील तर त्याच जातीचे आणखी पाच आणायची तयारी ठेवा. एकटा कोरिडोरस जगतो, पण कोपऱ्यात बसून. युप्टेरसला २०० लिटरच्या खाली कोंडू नका.

तब्येतही बघा. पोट आत गेलेलं चालेल, खाण्यानं ते भरून येतं. पण प्लेकोचे डोळे खोल गेले असतील तर तो फार दिवसांचा उपाशी आहे आणि वाचेलच असं नाही. मिशा झिजून ठेंगण्या झाल्या असतील तर तळ अस्वच्छ आहे असं समजा. तळ स्वच्छ मिळाला की त्या बऱ्याचदा पुन्हा वाढतात.

४. आणण्याआधी घरी तयार हवं ते

- वेगळा ठेवण्यासाठी ४० ते ६० लिटरचा टँक किंवा झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा (मोठ्या माशाला अर्थात त्याहून मोठा)
- चालू टँकमध्ये महिनाभर राहिलेला स्पंज फिल्टर
- हीटर आणि वेगळा थर्मामीटर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारे पदार्थ) आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे ते) मोजायचं किट
- नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही घालवणारं औषध
- झाकणाची बादली, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा, हवेची बारीक नळी
- मासा पूर्ण आत मावेल असा पाइपचा तुकडा किंवा मडक्याचा तुकडा

शेवटची वस्तू लोक विसरतात. लपायला जागा नसली तर कॅटफिश पहिले काही दिवस खातच नाही.

५. पकडणं

जाळी वापरू नका. कॅटफिशच्या पाठीवर आणि छातीच्या परांना काटे असतात. घाबरला की तो ते ताठ करून अडकवून ठेवतो. मी सिनोडॉन्टिसला जाळीत धरला, काटा जाळीत गुंतला, आणि मासा "चिर्र चिर्र" आवाज करायला लागला. काट्याचं मूळ खांद्यात घासून हे मासे तसा आवाज काढतात. शेवटी कात्रीने जाळी कापून त्याला सोडवावं लागलं. अशी वेळ आलीच तर जाळीच कापा, काटा ओढू नका.

योग्य रीत अशी : आदल्या दिवशी खायला घालू नका. टँकमधलं लाकूड-दगड काढा, पाणी निम्म्यावर आणा, आणि डबा पाण्यात आडवा धरून माशाला हळूच आत हाका. प्लेको पाइपमध्ये शिरला असेल तर पाइपसकट उचला, सगळ्यात सोपं. नुसत्या हाताने धरू नका. काटा टोचलाच तर जखम धुऊन भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवा, त्याने विषाची कळ कमी होते. भाजेल इतकं गरम मात्र नको. सूज वाढली, काट्याचा तुकडा आत राहिला किंवा धाप लागली तर डॉक्टरकडे जा.

पिशवीपेक्षा झाकणाची बादली बरी, कारण काटे पिशवी फाडतात. बादलीत त्याच टँकचं पाणी घ्या आणि अंधार ठेवा. कोरिडोरसांना थोड्या पाण्यात दाटीवाटीने कोंबू नका. फार घाबरले की ते अंगातून विषारी स्राव सोडतात आणि त्याच पाण्यात स्वतःही मरतात. पाण्यावर फेस दिसला तर लगेच पाणी बदला.

टँकही घेत असाल तर फिल्टरमधला स्पंज जुन्याच पाण्यात ओला ठेवून आणा. तो सुकला किंवा नळाखाली धुतला की त्यातले अमोनिया पचवणारे कामाचे जिवाणू मेले.

६. पाण्यात सोडणं : इथे सगळ्यात जास्त मासे मरतात

सेकंडहँड माशाचा खरा धोका हा, आणि तो दुकानातून आणलेल्या माशाला सहसा नसतो. कंटाळलेल्या मालकाच्या टँकमध्ये महिनोन् महिने पाणी बदललेलं नसतं. तिथे नायट्रेट फार चढलेलं असतं आणि पीएच हळूहळू उतरलेला असतो. मासा त्या पाण्याला सरावलेला असतो. तुम्ही त्याला मायेने स्वच्छ, ताज्या पाण्यात टाकता आणि तो दोन दिवसांत जातो. मग आपण म्हणतो, मासाच आजारी होता.

म्हणून दोन्हीकडचं पाणी किटने मोजा. फरक थोडा असेल तर मासा बादलीतच ठेवा, नव्या टँकमधून बादलीत सोडलेल्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोनतीन थेंब पडतील असं करा आणि पाणी सावकाश दुप्पट होऊ द्या. फरक मोठा असेल तर वेगळ्या टँकमध्ये निम्मं पाणी जुन्या टँकचंच भरा आणि पुढचे दहा-बारा दिवस रोज थोडं थोडं बदलत जा. त्यासाठी येतानाच दोन बादल्या पाणी जास्त आणा. जुनं पाणी घाण दिसलं तरी आणा.

याला एक अपवाद आहे. मासा बंद पिशवीतून कित्येक तासांचा प्रवास करून आला असेल तर थेंब थेंब पद्धत उलटते. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच बाहेर काढा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

७. वेगळं ठेवण्याचा महिना

चार आठवडे. दोन नाही. मी दोनवर भागवलं होतं आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टँकमध्ये नेला होता.

पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी रात्री, अंधार झाल्यावर, थोडंसं खाद्य. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजा. दोन्ही शून्य हवेत, नसतील तर त्याच दिवशी पाणी बदला. बहुतेक जातींना २४ ते २६ अंश चालतं.

औषधाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. उघड्या कातडीच्या माशांना तांबं असलेली आणि मॅलाकाइट ग्रीनची औषधं लवकर बाधतात, त्यामुळे मी लेबलवरच्या निम्म्या मात्रेनेच सुरुवात करतो. काही दिसत नसताना "खबरदारी म्हणून" औषध टाकू नका. ठिपके दिसले तर आधी तापमान दिवसाला एक अंश या वेगाने वाढवा आणि हवेचा पंप जोरात ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बऱ्याच कोरिडोरसांना ३० अंश सोसत नाही, हे लक्षात असू द्या. मासा अधूनमधून झर्रकन वर येऊन हवेचा घोट घेत असेल तर घाबरू नका. कोरिडोरस आतड्यातून आणि प्लेको जठरातून हवा शोषू शकतात. सारखाच वर येत असेल तर मात्र पाणी तपासा.

८. खाणं

"शेवाळ खाऊन जगतो" हे या माशांवर लादलेलं सगळ्यात मोठं खोटं आहे. ब्रिसलनोजला वाफवलेली काकडी, दुधी, पालक आणि बुडणाऱ्या शेवाळी वड्या द्या, शिवाय खरवडायला लाकडाचा तुकडा. झेब्रा प्लेको प्लेको असूनही मुख्यतः मांसाहारी, त्याला काकडीवर ठेवलंत तर सुकेल. कोरिडोरसला बुडणाऱ्या गोळ्या आणि गोठवलेल्या अळ्या द्या. तळाला खडी नको, बारीक वाळू हवी, कारण तो मिशांनी वाळू चाळत खातो. सिनोडॉन्टिस आणि पिक्टसलाही बुडणारं, मांसाहारी खाद्य द्या.

सगळ्यांना रात्रीच घाला. उरलेली भाजी सकाळी काढा, नाहीतर पाणी नासतं. आठवड्यातून एकदा टॉर्च लावून पोट बघा. सपाट किंवा किंचित गोल असेल तर ठीक.

९. ओळख चुकली असं नंतर कळलं तर

असं होतं. ब्रिसलनोज म्हणून आणलेला सहा महिन्यांत वीतभर झाला तर नवं घर शोधा, आणि देताना या वेळी बरोबर नाव, लांबी, खाणं आणि पाणी बदलण्याची सवय कागदावर लिहून द्या. मोठ्या माशांसाठी सार्वजनिक मत्स्यालयांना विचारता येतं, पण त्यांच्याकडे रेडटेल आणि पंगास घ्या म्हणणाऱ्यांची आधीच रांग असते, म्हणून दुसरी सोयही बघून ठेवा.

नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. फ्लोरिडा, मेक्सिको, फिलिपिन्स आणि भारतातही टेरिगोप्लिक्थिस असाच पाण्यात पसरला आहे. तो काठाच्या मातीत बिळं करतो, काठ ढासळतात, आणि हवा गिळून तो इतका तग धरतो की एकदा रुजला की उपटता येत नाही.

माझा सिनोडॉन्टिस अजून आहे. आता २२ सेंटिमीटरचा झालाय. दिवा घालवला की पाइपमधून आधी त्या पिसासारख्या मिशा बाहेर येतात, मग तो. काच अजूनही मीच घासतो.